हनोई, एकट्याने, पाठीवर सॅक टाकून: तुमचेही अनुभव लिहा

भटकी_मांजर
आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवीन कॅफे झालंय. काल भाजी घेऊन येताना पाटी वाचली: ‘एग कॉफी, 320 रुपये’. नवरा म्हणाला, कॉफीत अंडं? काहीही काढतात लोक! आणि मला एकदम व्हिएतनाममधलं हनोई आठवलं.

2017चा नोव्हेंबर, लग्नाआधीची गोष्ट. विमानतळावरून 86 नंबरची केशरी बस आणि जुन्या भागातल्या एका हॉस्टेलात बंक बेड. पुण्यात तांबट आळी, बुरूड आळी आहे ना, तसा तो सगळा भाग. हांग बाकमध्ये चांदीवाले. हांग मामध्ये पितरांसाठी जाळायचं कागदी सामान, त्यात कागदी नोटा, कागदी मोबाइल, अख्खी कागदी स्कूटरसुद्धा! लान ओंगमध्ये शिरलं की सुक्या मुळ्या आणि सालींचा वास. नकाशा मी दुसऱ्या दिवशीच सॅकमध्ये कोंबला.

तर कॉफी. 1946 साली दुधाची टंचाई होती, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या ज्यांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून घातला. त्यांच्याच नावाचं दुकान आहे, अरुंद बोळातून आत जायचं. कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात. वर पिवळा फेस, तळाला काळीकुट्ट कडू कॉफी. फेस आधी खायचा की ढवळायचं, या विचारात मी बसलेली, तर शेजारच्या टेबलावरच्या आजीने माझ्या हातातला चमचा घेतला आणि ढवळून दिलं. एक शब्द न बोलता.

कोण कोण गेलंय? बघायची ठिकाणं, खाणं, फजिती, काहीही चालेल. टूरवाल्यांनीही लिहा, पण सॅकवाल्यांना आधी मान.

दादर_पश्चिम
रस्ता ओलांडण्याबद्दल अजून कोणी नाही लिहिलं? मी दादरला वाढलेला माणूस, तरी पहिल्या संध्याकाळी होआन किएम तळ्याकाठी नुसता उभा. सिग्नल असतो, पण स्कूटरी थांबत नाहीत. युक्ती एकच: सावकाश, एका चालीने चालत राहायचं. पळायचं नाही, थबकायचं नाही, मागे तर अजिबात फिरायचं नाही. ते आपल्याला वळसा घालून जातात. बस आली तर मात्र हे सगळं विसरा.

सुगरण_नाही
शाकाहारी माणसाचं काय होतं तिथे? सासूबाई विचारतायत. अंडंही नाही.

भटकी_मांजर
पाटीवर ‘चाय’ (chay, चहा नव्हे) लिहिलं असेल तिथे बिनधास्त शिरा, ती शाकाहारी खानावळ. बाकी ठिकाणी भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथले बरेच लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी भरपूर पर्याय. तिथी बघून तिकीट काढायला सांग त्यांना 😄

सुगरण_नाही
अगं त्या खरंच बघतील!! आत्ताच कालनिर्णय काढलंय

निवांत_काका
व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांचं समाधिस्थळ. सकाळीच उघडं असतं, सोमवारी आणि शुक्रवारी बंद. वर्षातून एकदा देखभालीसाठी बरेच दिवस बंद ठेवतात, ते आधी बघून जावे. अर्धी चड्डी चालत नाही. रांगेत खिशात हात घातला तर पांढऱ्या गणवेशातला शिपाई खूण करून काढायला लावतो. काचेच्या पेटीत देह. आत थंडगार, कोणी ब्र काढत नाही. त्यांचं निधन 1969चं, इमारत 1975ची. मृत्युपत्रात त्यांनी दहन करा असं लिहिलं होतं, हे मला परत आल्यावर वाचून कळलं. तेव्हापासून त्या रांगेची आठवण जरा वेगळीच लागते.

मावळा_आयटीवाला
काका, तिथे महाराजांचा पुतळा आहे ना? आणि समाधीवर ‘शिवरायांचा मावळा’ असं कोरलंय म्हणे. फॉरवर्ड आला होता.

निवांत_काका
मला असलं काही दिसलं नाही. दगडावर त्यांचं नाव आहे, बस. महाराजांना व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रमाणपत्राची गरज नाही रे. इंदिरा गांधींच्या नावाचं उद्यान मात्र हनोईत खरंच आहे.

मावळा_आयटीवाला
😔 ग्रुपवर सांगू का नको? तो फॉरवर्ड मामांनी टाकलाय.

दादर_पश्चिम
नको. दिवाळीला भेटायचंय ना त्यांना.

सायकल_चोरलेली_दोनदा
लाँग ब्येन पूल!! याच्यावर मी तासभर बोलू शकतो.

फ्रेंचांनी 1899 ते 1902 मध्ये बांधला, तांबड्या नदीवर. अमेरिकेने 1967 आणि 1972 मध्ये बाँब टाकून टाकून तोडला, यांनी दर वेळी डागडुजी करून चालू केला. त्यामुळे काही गाळे जुने डौलदार आणि मधले नुसतेच सरळ. अजून मधून रेल्वे जाते, दोन्ही कडेने स्कूटर, सायकली आणि चालणारे. गंमत म्हणजे सगळा देश उजवीकडून गाडी हाकतो आणि या पुलावर डावीकडून! भाड्याची सायकल घेऊन पहाटे गेलो होतो. चालायच्या पट्टीवर सिमेंटच्या लाद्या, दोन लाद्यांच्या फटीतून खाली पाणी दिसतं. मधेच एक बाई टोपलीत मका भाजत बसलेली. मागून गाडी आली तेव्हा अख्खा पूल थरथरला, मी कठडा घट्ट धरला, तिने कणीस उलटं केलं फक्त. खाली नदीतल्या बेटावर केळीच्या बागा. तिकीट नाही, रांग नाही. अख्ख्या हनोईत याच्याहून भारी काही नाही, मग ते कोणी काहीही म्हणो.

ट्रेन_स्ट्रीट_फॅन
पुलावरून आठवलं, ट्रेन स्ट्रीट झाली का कोणाची? घरांच्या मधून रूळ. 2019ला बंद केली, 2022ला परत बंद केली, तरी कोणीतरी कॅफेवाली मागच्या दाराने नेतेच.

सायकल_चोरलेली_दोनदा
झाली. मला नाही आवडली. गाडीकडे कोणी बघत नाही, सगळे फोनकडे.

अभ्यासिका_सदाशिव
साहित्य मंदिर कोणी लिहिलंच नाही. 1070चं. आत 82 दगडी कासवं, प्रत्येकाच्या पाठीवर शिळा, शिळेवर राजाची परीक्षा पास झालेल्यांची नावं. 1442च्या परीक्षेपासूनची. पोरं परीक्षेआधी येऊन कासवाचं डोकं चोळायची, डोकी झिजायला लागली म्हणून आता कुंपण घातलंय. मी कुंपणाबाहेरूनच नमस्कार केला. तेव्हा एमपीएससी देत होतो.

भटकी_मांजर
मग??

अभ्यासिका_सदाशिव
मुलाखतीपर्यंत गेलो. आता बँकेत आहे. कुंपण नसतं तर बोलायला नको 😂

वहीचं_मागचं_पान
फोनवरून लिहितेय, चुका पोटात घाला. मला त्या बी-52 तळ्याबद्दल लिहायचंय. हू त्येप. न्गोक हाच्या गल्ल्यांमध्ये विचारत विचारत जावं लागतं. डिसेंबर 1972 मध्ये पाडलेल्या अमेरिकन बी-52 बाँबफेकी विमानाचे तुकडे त्या एवढ्याशा तळ्यात अजून तसेच आहेत, पाण्याबाहेर आलेलं चाक वगैरे. चारी बाजूंनी घरं. आम्ही गेलो तेव्हा समोरच्या कठड्यावर कोणीतरी शाळेचे बूट धुऊन वाळत ठेवले होते. आईला (ती साठीची, तीही सॅक घेऊन!) तिथे खूप वेळ बसायचं होतं. तिचे वडील 71च्या लढाईत होते. कुकर झाला, नंतर लिहिते

निवांत_काका
ताई, आईंना नमस्कार सांगा. कुठल्या पलटणीत होते आजोबा?

वहीचं_मागचं_पान
मराठा लाइट इन्फन्ट्री. बाकी निरोप पाठवते काका, इथे नको.

पाकीट_मोकळं
20 हजार डाँगची आणि 500 हजार डाँगची नोट (तिथलं चलन), दोन्ही निळ्या. 25 पट फरक! अंधारात टॅक्सीचे पैसे देताना शून्यं मोजा. आणि तळ्याकाठी बुटाला डिंक लावायला येतात ते, न विचारता बूट ओढून घेतात आणि मग वाट्टेल ती रक्कम. बाकी सगळे लोक प्रेमळ.

दादर_पश्चिम
होआन किएम तळ्यावरून: तिथली ती मोठी कासवीण 2016 मध्ये गेली. बेटावरच्या देवळात काचेत ठेवलीय. राजा ले लोयने चिन्यांना हाकलल्यावर देवाची तलवार याच तळ्यात कासवाला परत केली अशी कथा. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार तळ्याभोवती गाड्या बंद, तेव्हाच जा.

दोन_लेकरं_एक_मी
4 वर्षांच्या मुलाला घेऊन जमेल का? वरण-भाताशिवाय काही खात नाही.

सुगरण_नाही
भात मिळेल. वरणाचं पाकीट घेऊन जा.

दोन_लेकरं_एक_मी
आणि सॅक किती लिटरची घेऊ? मूल पण उचलावं लागतं मध्येच

सायकल_चोरलेली_दोनदा
40च्या वर नको. मूल वेगळं धरून.