हॉलमधला टीव्ही: कृपया कुणीही ‘मान्य’ दाबू नका

सचिव:
मंडळी, काल वर्गासाठी टीव्ही लावला तर नव्या अटींचं पान आलं आणि खाली एकच बटण, ‘मान्य आहे’. नाही म्हणायला जागाच नाही, लॅपटॉपची केबल लावली तरी तेच पान. मी उभ्या उभ्या वाचलं. कंपनीशी वाद झाला तर कोर्टात न जाता लवादाकडे, म्हणजे खासगी पंचाकडे, जायचं आणि इतर ग्राहकांबरोबर मिळून दावा लावायचा नाही, असं त्यात आहे. घेतला तेव्हा यातलं काही नव्हतं. शनिवारी परत वर्ग आहे. मंडळाच्या वतीने हे मान्य कोण करणार? मी करणार नाही.

माजी खजिनदार:
ताई, दाबून टाका हो. मुलं खोळंबलीत. आणि पावती माझ्या नावावर आहे, स्पीकरच्या वेळी झाला तसा घोळ नको, काय करायचं ते मला विचारूनच करा.

ग्रंथालय:
काका, असंच दाबून दाबून इथवर आलोय. मार्च २०२४ मध्ये रोकूच्या टीव्हीवर हेच झालं, मान्य केल्याशिवाय लोकांना पुढे जाताच येईना, आणि लवाद नको असेल तर ३० दिवसांत त्यांच्या वकिलाच्या नावे कागदी पत्र, त्यात नाव, मॉडेल, खात्याचा ईमेल आणि असेल तर पावतीची प्रत. होकार रिमोटवरून चालतो मग नकारही रिमोटवरून चालला पाहिजे, मला हे अजिबात पटत नाही. स्पीकर बनवणाऱ्या सोनोसनेही २०१७ मध्ये नवं गोपनीयता धोरण काढलं तेव्हा सांगितलं होतं की मान्य न करणाऱ्यांना अपडेट मिळणार नाहीत आणि स्पीकर हळूहळू निकामी होत जातील. पैसे मोजून घेतलेली वस्तू आहे ही!

युवा समिती:
फॅक्टरी रीसेट करा, वायफाय देऊ नका, माझ्या घरी चाललं.

सचिव:
केलं रे दादा. रीसेटने जुनं सॉफ्टवेअर परत येत नाही, अपडेट झालेलंच राहतं, त्यामुळे पान पुन्हा आलं. तुझ्या टीव्हीला हा अपडेट मिळालाच नसेल.

वर्गशिक्षिका:
मला लवादापेक्षा मुलांचं बघणं कोण टिपतंय याची काळजी आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, व्हिजिओ या टीव्ही कंपनीवर केलेली केस आठवते का? १ कोटी १० लाख टीव्हींवर काय दिसतंय ते सेकंदासेकंदाला टिपून विकत होते, केबलचं असो, डीव्हीडी असो, पडद्यावरचे पिक्सेल जुळवून ओळखायचे. २२ लाख डॉलर भरून मिटवलं. तो पर्याय सेटिंगमध्ये ‘स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी’ अशा नावाखाली होता, नावावरून कुणाला कळणार? आपल्या टीव्हीत असलं काही असेल तर वर्गाआधी बंद करा, अटींचा निकाल लागेपर्यंत थांबू नका.

माजी खजिनदार:
सेटिंगपर्यंत पोचायला आधी ‘मान्य’च दाबावं लागतंय ना. म्हणून म्हणतोय, दाबा.

ग्रंथालय:
मग दाबायच्या आधी पानाचे फोटो काढा, तारीख लिहून ठेवा आणि त्याच दिवशी नकाराचं पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. ताई, आपल्या अटींत मुदत दिलीय का?

सचिव:
आहे, ३० दिवस, पोस्टानेच. तळाशी बारीक अक्षरांत होती, काल मी सोडूनच दिलं होतं ते. पत्र लिहिते. पण सही मंडळाची हवी, टीव्ही मंडळाचा आहे.

माजी खजिनदार:
पावतीवर नाव माझं, सही माझीच लागणार. उद्या कुणी म्हणेल हा माणूस कोण.

सचिव:
दोघांची करू. वर मंडळाचं नाव, खाली तुम्ही आणि मी. आणि पत्रात हेही लिहिते की बटण दाबलं ते टीव्ही अडवून ठेवला होता म्हणून, आम्हाला पटलं म्हणून नाही. हे वाक्य कुणी काढायला सांगू नका.

माजी खजिनदार:
नाही सांगत, राहू दे. पावती सापडली पण मॉडेल नंबर पुसट झालाय. टीव्हीच्या मागे स्टिकर आहे, भिंतीवरून उतरवायला दोघं लागतील. शुक्रवारी सात वाजता कोण येतंय?