सुखाची प्रश्नावली तुर्कीत न्यायचीये, पण पहिल्याच शब्दावर गाडी अडलीये

कोरंपान: नमस्कार मंडळी. सायकॉलॉजीत मास्टर्स करतेय, ग्रुपमधली एक मैत्रीण तुर्की आहे आणि आम्ही दोघींनी टेम्पोरल एक्स्पिरियन्स ऑफ प्लेजर स्केल तुर्कीत आणायचा घाट घातलाय. २००६ ची स्केल, १८ वाक्यं, त्यातली १० पुढे मिळणाऱ्या सुखाच्या ओढीबद्दल, ८ सुख प्रत्यक्ष घेताना काय वाटतं त्याबद्दल, उत्तर १ ते ६ मध्ये (६ म्हणजे माझ्याबाबतीत अगदी खरं). मला तुर्की शून्य येतं, माझ्याकडे आकडेमोड. आता प्लेजरला ती तीन शब्द सांगते, हाझ, झेव्क, केयिफ, आणि एकही तिला स्वतःलाच पटत नाहीये. कसं ठरवायचं?

उंटावरचा: इस्तंबूलला काही वर्षं काढलीत म्हणून बोलतो. हाझ पुस्तकी आहे, तुमच्या प्रोफेसरांना आवडेल. झेव्कमध्ये रसिकता, आवडनिवड पण येते. केयिफ म्हणजे चहाचा ग्लास घेऊन निवांत बसणं (आपला कैफ तोच अरबी शब्द बरं का, आपण तो नशेकडे नेला). एकच शब्द १८ ठिकाणी ठोकू नका, वाक्य बघून ठरवा. आणि ओढीसाठी शब्द कशाला शोधता, तुर्कीत लोक एखाद्या गोष्टीची 'चार डोळ्यांनी' वाट बघतात, येणारा दिवस दोरीने ओढतात, आणि हेवेस म्हणजे तर आपली हौसच!

बाराआणे: वाक्प्रचार जपून हं, मूळ वाक्य साधं असेल आणि तुम्ही दोरीने ओढायला लागलात तर तीव्रता वाढते आणि ६ वर टिक करणारे कमी होतात. त्यापेक्षा मला वस्तूंची काळजी वाटते. त्यात शेकोटीत तडतडणाऱ्या लाकडाच्या आवाजाचं एक वाक्य आहे, अमेरिकन घरातली भिंतीतली शेकोटी. तुर्कस्तानात तो आवाज सोबाचा, म्हणजे लोखंडी शेगडीचा, आणि शहरातल्या पोरांना गॅसच्या हीटिंगमुळे तोही माहीत असेलच असं नाही. मग कमी मार्क आले तर माणसाला सुख वाटत नाही की त्याने तो आवाज कधी ऐकलाच नाही?

उंटावरचा: मग सोबा लिहा ना, आजीच्या घरी असतोच की.

बाराआणे: लिहा, पण आजीची आठवण म्हणजे वेगळंच सुख झालं ना भाऊ. दोन्ही लिहून १०-१५ जणांना वाचायला द्या आणि वाचताना मनात काय आलं ते मोठ्याने बोलायला सांगा. आणि स्केल न बघितलेल्या माणसाकडून उलट भाषांतर, म्हणजे तुर्कीतून परत इंग्रजीत, करून घ्या, मैत्रिणीकडून नको, तिला मूळ वाक्यं पाठ झाली असणार. चिनी आवृत्तीत दोनाऐवजी चार घटक (म्हणजे एकत्र जाणाऱ्या वाक्यांचे गट) निघाले होते, तेव्हा ओढ आणि भोग असे दोनच कप्पे तुमच्याकडेही येतील हे धरून चालू नका.

गप्पबसा: एक नकारार्थी वाक्य आहे त्यात, हॉटेलात जेवायला जायची वाट बघत नाही अशा अर्थाचं, त्याचे मार्क उलटे मोजतात. तुर्कीत बेक्लेरिम म्हणजे वाट बघतो आणि बेक्लेमेम म्हणजे बघत नाही, घाईत वाचणारा हमखास फसणार. आणि मूळ लेखकांना मेल टाकलात का? परवानगी हवीच, शिवाय हे काम आधीच कोणी केलंय का ते कळेल.

कोरंपान: मेल नाही टाकला 🙈 आज टाकते. बेक्लेमेम मैत्रिणीला दाखवलं, ती म्हणाली पहिल्या ड्राफ्टमध्ये तिनेच ते चुकीचं वाचलं होतं.