मदत हवी आहे: रोजच्या वापराच्या स्पोर्ट्स सेडानला कोणते टायर घेऊ?

मंडळी, टायर बदलायचेत आणि आठवडाभर डोकं नुसतं गरगरतंय. साइज २२५/४५ आर१७, गाडी रोज ऑफिसला जाते, पावसातही, आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे घाटात. काल बोट फिरवून बघितलं तर मागच्या दोन्ही टायरची आतली कड पार गुळगुळीत आणि मधली खाच १.६ मिमीच्या झिजेच्या खुणेला टेकलेली, म्हणजे अलाइनमेंट (चाकांचे कोन नीट लावणं) आधी करून घ्यावीच लागणार.

मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ५ टायर घ्यावा असं मनात आहे, पण कोणी रोज वापरत असेल तर आवाज किती येतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर कसा पकडतो ते प्लीज सांगा, मला कोरड्यातल्या ग्रिपपेक्षा पावसातली जास्त महत्त्वाची वाटते कारण मागे मुलं बसलेली असतात.

दुसरं, मित्र म्हणतो १८ इंची रिम टाकून २२५/४० कर. व्यास जवळपास तेवढाच राहतो हे खरं, पण साइडवॉल (रिमपासून टायरच्या कडेपर्यंतची उंची) १०१ वरून ९० मिमीवर येते, खड्ड्यात रिम वाकायची भीती वाटते. कोणी केलंय का असं? रोजच्या चालवण्यात पस्तावलात का?