अनुभव धागा: सिनेमा यायच्या आधी तुम्ही काय म्हणाला होतात?

स्पीलबर्गचा 'डिस्क्लोजर डे' १२ जून २०२६ला येणार म्हणून आमच्या चौघांच्या ग्रुपवर रणकंदन माजलंय. एकाचं म्हणणं, परग्रहवासी म्हटले की या माणसाचा हात धरणारा दुसरा कुणी नाही. 'क्लोज एन्काउंटर्स' आणि 'ई. टी.' त्याच्या तोंडावर तयारच असतात. दुसरा म्हणतो, अरे ती १९७७ आणि १९८२ची गोष्ट झाली, आता तो एकोणऐंशीचा आहे. तिसरा बोलत काहीच नाही, स्क्रीनशॉट काढून ठेवतो. त्याच्याकडे आमची कित्येक वर्षांची भाकितं साठलीत आणि नको त्या वेळी तो ती बाहेर काढतो.

त्यातलं एक माझं, २०२२चं. "'अवतार'चा दुसरा भाग? तेरा वर्षांनी? त्या निळ्या माणसांची नावं तरी कुणाला आठवतात का!" नुसतं बोलून थांबलो नव्हतो. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या अकरा जणांना नायकाचं नाव विचारून आलो होतो. एकालाही सांगता आलं नाही. मग सिनेमा आला आणि त्या अकराच्या अकरा जणांनी तो पाहिला. मी दोनदा. जगभरात त्यानं २.३ अब्ज डॉलरच्या वर गल्ला जमवला. नायकाचं नाव मला आजही चटकन सांगता येणार नाही, ते सोडा.

तर धाग्याचा नियम एवढाच: आधी छातीठोकपणे काय म्हणाला होतात ते लिहा, मग काय झालं ते. "मला वाटलंच होतं"वाल्यांनी पुरावा आणावा.

*

माझी पैज 'मॅड मॅक्स'वर होती. आधीचा भाग १९८५चा, नवा २०१५ला. दिग्दर्शक जॉर्ज मिलर सत्तरीचा, मधल्या काळात ॲनिमेशनपटात पेंग्विन नाचवत होता. नायक बदललेला. ऑस्ट्रेलियात जिथे शूटिंग ठरलं होतं त्या वाळवंटात पाऊस पडून फुलं उगवली, म्हणून सगळं लटांबर नामिबियाला न्यावं लागलं. २०१२ला चित्रण झालेला सिनेमा तीन वर्षं बाहेर येत नाही म्हटल्यावर मी भावाला सांगितलं, "हा आपटणार. लिहून घे."

त्यानं खरंच लिहून घेतलं.

थिएटरात विसाव्या मिनिटाला मला एक गोष्ट जाणवली. एवढी धुमश्चक्री चाललीय, गाड्या उडतायत, माणसं बांबूंवर झोके घेतायत, पण माझी नजर पडद्यावर शोधाशोध करत नाहीये. जे बघायचं ते दरवेळी बरोब्बर मधोमध. नंतर वाचलं, कॅमेऱ्यामागच्यांना तशीच सूचना होती. इतक्या वेगात कापलेल्या सिनेमात प्रेक्षकाचे डोळे दमू नयेत ही काळजी सत्तरीतल्या माणसानं घेतलेली, आणि मी त्याचं वय मोजत बसलो होतो. पुढे सहा ऑस्कर मिळाले. भावानं ती चिठ्ठी अजून पाकिटात ठेवलीय.

*

मी भाकीत करत नाही. ट्रेलर बघत नाही. सुखी आहे.

*

माझा अनुभव उलटा आहे. दिग्दर्शकाचं नाव घेत नाही, चाहते अंगावर येतील. खरं म्हणजे त्या चाहत्यांत मीच सर्वात पुढे होते. दोन महिने अनोळखी लोकांशी भांडले. टीझर फसला म्हणणाऱ्याला "तुम्हाला त्यांची भाषाच कळलेली नाही" असं सुनावलं. पहिल्या दिवशी पहिला खेळ.

पंधरा मिनिटांतच कळून चुकलं. एक पात्र दुसऱ्याला, जे दोघांनाही आधीपासून माहीत आहे ते, सविस्तर समजावून सांगत होतं. पोटात खड्डा पडतो ना, तसं झालं. मध्यंतरात फोन उघडला तर ज्यांच्याशी भांडले होते त्यातले तिघं वाट बघत होते: "कसा आहे?" मी लिहिलं, "दुसऱ्यांदा पाहिला की कळेल असा आहे."

दुसऱ्यांदा अजून पाहिलेला नाही.

*

वरच्या ताईंना सलाम. ते वाक्य मीही वापरलंय.

*

मी जाहिरातींच्या संकलनात काम करतो, म्हणून थोडं माझ्या धंद्यातलं. मोठा सिनेमा जाहीर झाला की लोक दिग्दर्शकाचं वय बघतात, बजेट बघतात. मी बघतो, संकलनाला कोण आहे. वर 'मॅड मॅक्स'चा विषय निघालाय म्हणून सांगतो: मार्गारेट सिक्सेल, मिलरची बायको. सुमारे ४८० तासांचं फुटेज तिच्यापुढे आलं होतं. तोवर तिनं एकही ॲक्शनपट कापलेला नव्हता. दिग्दर्शक स्कॉर्सेसीबरोबर संकलक थेल्मा शूनमेकर १९८०पासून आहे. अशी माणसं समोर बसून "हा सीन लांबलाय" एवढं सांगू शकतात. दिग्दर्शक मोठा झाला की बाकीचे सगळे घड्याळाकडे बघतात आणि मान डोलावतात. हे मी फार छोट्या पातळीवर रोज पाहतो. ज्याच्यापुढे गप्प बसावं लागतं अशा ज्येष्ठाची तीस सेकंदांची जाहिरात हमखास बेचाळीस सेकंदांची होऊन येते.

दिग्दर्शक कोपोलाचा 'मेगालोपोलिस' घ्या. २०२४ला आला आणि आपटला, सुमारे १२ कोटी डॉलर त्याच्या स्वतःच्या खिशातले. नाही म्हणणार कोण?

*

थांबा. 'अपोकॅलिप्स नाऊ'लाही त्यानं स्वतःची मालमत्ता पणाला लावली होती की! वादळानं सेट उद्ध्वस्त केले, मार्टिन शीनला हृदयविकाराचा झटका आला, पत्रकार टिंगल करत होते. १९७९ला तो सिनेमा आला आणि कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कारात वाटेकरी झाला. तेव्हा तरी नाही म्हणणारं कोण होतं?

*

मान्य. माझा सिद्धांत इथे गळतो. तरी संकलकाचं नाव बघायची सवय सुटणार नाही.

*

वयाचा मुद्दा काढणाऱ्यांसाठी. 'रान' आला तेव्हा त्याचे जपानी दिग्दर्शक कुरोसावा पंचाहत्तर वर्षांचे होते, नजर अधू होत चाललेली. पैसा उभा राहत नव्हता त्या काळात ते दृश्यांची चित्रंच रंगवत बसले. मी हा सिनेमा फार उशिरा, लॅपटॉपवर पाहिला, तोही मित्राशी वाद जिंकायला. माझं म्हणणं होतं की साठीनंतर भव्य सिनेमा झेपत नाही, माणसानं छोट्या गोष्टी सांगाव्यात.

मग तो जळता किल्ला आला. म्हातारा राजा आतून बाहेर येतो, पायऱ्या उतरतो, मागे ज्वाळा, आणि त्याच्यासमोर सैन्य दुभंगून वाट करून देतं. किल्ला चित्रणासाठी खरोखर बांधून खरोखर जाळलेला. नटाचा पाय घसरला असता तर पुन्हा जाळायला दुसरा किल्ला नव्हता. मी सिनेमा थांबवून मित्राला फोन केला. रात्रीचा दीड वाजला होता. तो "हं" म्हणाला आणि झोपला.

*

धागाकर्ता, सगळ्यांना बोलतं केलंत, पण १२ जूनचं तुमचं भाकीत कुठाय?

*

पकडलंत. पटकथा डेव्हिड केपची, म्हणजे 'ज्युरासिक पार्क'च्या पटकथेतला, म्हणून मन होकाराकडे झुकतं. पण २००८च्या इंडियाना जोन्सची पटकथाही त्याचीच, आणि तेव्हा हाच युक्तिवाद मी केला होता. तोही स्क्रीनशॉट आहे.

काल स्क्रीनशॉटवाल्यानं फर्मान काढलं: प्रत्येकानं एका ओळीत लिहून द्यायचं, नंतर पळवाट नाही. तिघांचं देऊन झालं. मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. वर "टाइप करतोय" असं दिसत असणार, कारण त्यानं त्याचाही स्क्रीनशॉट काढून टाकलाय.