मोठ्या अर्थव्यवस्थांना खरोखर बांधून ठेवणारा पर्यावरण करार कसा असावा?

प्रश्न (चिकोडी):
पदवीच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी निघतो. १९९७ च्या क्योटो कराराने औद्योगिक देशांवर तापमान वाढवणाऱ्या वायूंच्या उत्सर्जनकपातीचे बंधन घातले. पण अमेरिकेने तो मंजूरच केला नाही आणि कॅनडा २०११ मध्ये सूचना देऊन बाहेर पडला. २०१५ च्या पॅरिस करारात जवळपास सगळे देश आले. मात्र कपात किती करायची हे ज्याचे त्याने ठरवायचे आणि ती झाली नाही तरी दंड नाही. मग बंधनही आहे आणि सगळे सहभागीही आहेत, असा करार शक्यच नाही का?

उत्तर (खानापूर):
शक्य आहे, कारण ओझोनच्या बाबतीत तो झाला आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने सदस्य नसलेल्या देशांशी सीएफसी या ओझोनचा थर विरळ करणाऱ्या वायूंचा व्यापार करण्यास मनाई केली, त्यामुळे बाहेर राहणेच तोट्याचे ठरले. विकसनशील देशांना वापर घटवण्यासाठी दहा वर्षांची सवलत मिळाली, १९९० मध्ये लंडनला त्यांच्यासाठी निधीची तरतूद झाली, आणि त्यानंतर १९९२ मध्ये भारत सहभागी झाला. माझ्या मते बंधन खरे ठरते ते व्यापारबंदीचा धाक आणि निधीची मदत या दोन गोष्टींमुळे, कलमांतील कडक भाषेमुळे नव्हे. आपल्या म्हादई नदीच्या पाणीवाटपाचेच पाहा: लवाद २०१० मध्ये नेमला गेला, निवाडा २०१८ मध्ये आला, तरीही तंटा सर्वोच्च न्यायालयात आहे. गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र या तीन राज्यांच्या डोक्यावर एक न्यायालय असताना ही स्थिती; देशांच्या डोक्यावर तर असे कोणीच नाही. म्हणून पाळण्याचा फायदा आणि मोडण्याचा तोटा करारातच विणावा लागतो.

उत्तर (उद्यमबाग, बेळगाव):
वरील मत पटते, पण दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात, हे आम्ही फौंड्रीवाले (लोखंडाचे ओतकाम करणारे) आग्रहाने सांगू. युरोपीय संघाने पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते अशा आयातीवर कार्बन शुल्काची, म्हणजे माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनानुसार शुल्क घेण्याची व्यवस्था आणली. २०२३ च्या ऑक्टोबरपासून माहिती देणे सक्तीचे झाले आणि २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा आला. शुल्क आमच्या कास्टिंगला (ओतीव मालाला) थेट लागू असो वा नसो, परदेशी गिऱ्हाईक आता एका टनामागे भट्टीला किती युनिट वीज लागली, पिग आयर्न (कच्चे लोखंड) किती आणि भंगार किती घातले, हे विचारते. हिशेब ठेवण्यास आमची ना नाही. परंतु मॉन्ट्रियलमधला धाक तेवढा उचलला आणि निधी मागे ठेवला, शिवाय नियम एकाच बाजूने ठरवले, तर त्याला करार कसे म्हणावे? त्या शुल्कातील ठरावीक वाटा भट्ट्या बदलण्यासाठी निर्यातदार देशांतील लहान कारखान्यांना परत मिळाला पाहिजे.

प्रश्नकर्ता (चिकोडी):
दोघांचेही आभार. एक अडचण मात्र उरते: सीएफसीचे उत्पादक मोजके होते आणि पर्यायही हाती होता, कार्बन शेतापासून वीजकेंद्रापर्यंत सगळीकडे आहे.

उत्तर (खानापूर):
म्हणूनच एकच सर्वव्यापी करार करण्याऐवजी पोलाद, सिमेंट, जहाजवाहतूक असे क्षेत्रवार करार करावेत, असे मला वाटते. मॉन्ट्रियल करारातील २०१६ च्या किगाली दुरुस्तीने शीतकरणातील एचएफसी या तापमान वाढवणाऱ्या वायूंपुरते तसे करून दाखवले आहे, आणि भारताने २०२१ मध्ये तिला मंजुरीही दिली.