शिंदीच्या झाडाला व्हॅक्यूम पंप लावता येतो काय?

प्रश्न: आर्वी तालुका, जि. वर्धा

नमस्कार मंडळी. आमच्या वावराच्या खालच्या अंगाला नाला आहे, त्याच्या दोन्ही काठांनी शिंदी दाट लागली आहे. आजवर तिचा उपयोग झाडू अन् चटयांपुरताच. मध्यंतरी कॅनडाचा एक व्हिडिओ पाहिला. मेपल म्हणून झाड असतं, त्याच्या गोड रसाचा पाक करतात. त्या झाडांना बारीक नळ्या लावतात, त्या एका मोठ्या पाइपात येतात, खाली खोलीत व्हॅक्यूम पंप चालते अन् रस आपोआप टाकीत. कोणी झाडावर चढत नाही, कोणी मडकं बांधत नाही.

माझ्याजवळ दूध काढायच्या मशिनचा जुना पंप आहे, तेलावर चालणारा, एक एचपीची मोटर. म्हशी विकल्या तेव्हापासून गोठ्यात पडून आहे, पण चालू आहे. हाच पंप शिंदीला लावून नीरा ओढता येईल काय? गूळ करायचा विचार आहे. आमच्या गावात चढणारे आता उरले नाहीत, म्हणून विचारून राहिलो. किती इंच व्हॅक्यूम लागते, पाइप कोणता घ्यावा, कोणी केलं असेल तर सांगा जी.

उत्तर: चिमूर, जि. चंद्रपूर

भाऊ, आमच्या आजोळी शिंदी काढत. हिवाळ्याचं काम आहे ते. शेंड्याखालची एका बाजूची पानं काढायची, कोवळं खोड पातळ सोलायचं, संध्याकाळी गाडगं बांधायचं, उजाडायच्या आत उतरवायचं. गाडग्याला आतून चुना लावला तर नीरा टिकते, नाही तर ऊन चढेपर्यंत आंबते. दोन-तीन दिवस काढलं की झाडाला तितकाच आराम. मशिनचं मला माहीत नाही.

पण एक ध्यानात ठेवा. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. नीरेसाठी झाड छेदायलाही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो, तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो. झाड तुमच्या वावरात असलं तरी लागतोच. नीरा आंबली तर ती ताडी झाली, मग गुळासाठी होती हे कोणी ऐकणार नाही. पहिले कागद करा.

उत्तर: मूळ दारव्हा, सध्या व्हरमाँट, अमेरिका

आर्वीचे भाऊ, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी अकोल्याला कृषी अभियांत्रिकी केली. आता इकडं एका डेअरी फार्मवर मशिनरी सांभाळतो. मालकाचं मेपलचं जंगलही आहे, त्याची व्हॅक्यूम लाइन माझ्याकडंच असते.

शिंदीला पंप लावू नका. का, ते सविस्तर सांगतो, कारण तुमचा विचार चांगला आहे अन् पाइपात पैसे घातल्यावर कळण्यापेक्षा आताच कळलेलं बरं.

मेपलचा रस लाकडातून येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथं रात्री पारा शून्याखाली जातो अन् दिवसा वर येतो. गोठताना झाड मुळांकडून पाणी वर ओढून घेतं. दिवसा आतला बर्फ वितळला की लाकडात कोंडलेला वायू पसरतो अन् रसाला बाहेर रेटतो. आम्ही खोडाला साधारण ८ मिलिमीटर रुंद, दीड-दोन इंच खोल छिद्र पाडतो अन् त्यात प्लास्टिकची तोटी ठोकतो. लाकूड टणक, तोटी घट्ट, हवेला वाट नाही. झाडातला दाब अन् नळीतला दाब यांत जितका फरक, तितका रस जास्त. पंप नळीतला दाब उतरवतो, म्हणून झाडाचा स्वतःचा जोर कमी असला तरी थेंब चालू राहतो. व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात; ते एक इंच वाढलं की रस ५ ते ७ टक्के वाढतो, असा इथला हिशोब आहे. त्यासाठीच लोक २५ इंचांच्या पुढं जातात.

शिंदीचा गोड रस लाकडातला नसतो. पानांत तयार झालेली साखर वाहून नेणाऱ्या अन्ननलिका असतात, तुम्ही सोलता ते त्यांना. त्या नलिकांत झाडाचा स्वतःचाच दाब वातावरणाच्या कित्येक पट असतो. अन् जगातला कोणताही व्हॅक्यूम पंप एका वातावरणाहून जास्त ओढूच शकत नाही; समुद्रसपाटीला सुमारे ३० इंच पारा, तिथं संपलं. म्हणजे पंपानं भर पडली तरी थोडीच. शिंदीचा रस थांबतो तो दाब कमी पडल्यामुळं नाही, कापलेल्या नलिकांची तोंडं बुजतात म्हणून. त्यावर उपाय पातळ, धारदार, ताजा काप. चिमूरच्या भाऊंनी सांगितलेलं सोलणं हेच खरं यंत्र आहे, अन् तो हात सुटतो आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी अडचण हवेची. शिंदीचा काप पसरट अन् मऊ, आजूबाजूला तंतू. त्यावर हवाबंद टोपण बसणार नाही. पंप रसाऐवजी हवाच ओढत राहील.

तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते. आमचा रस पाइपात असतो तेव्हा भोवती बर्फ असतो. तरीसुद्धा दिवस उबदार झाले की नळ्यांत जंतू वाढतात अन् पाक काळपट होतो. तुमच्याकडं जानेवारीतही दुपारी पंचवीस-तीस अंश. नाल्याकाठच्या उन्हात पडलेल्या पाइपात नीरा टाकीपर्यंत पोचायच्या आधीच आंबायला लागेल. गाडगं रोज धुऊन, धुरी देऊन, चुना लावून स्वच्छ करता येतं. लांबलचक नळी आतून कशी करणार?

अन् तुम्हाला एवढ्या रसाची गरजही नाही. मेपलच्या रसात साखर साधारण २ टक्के. इथं ८६ ला साखरेच्या टक्क्यांनी भागतात: ४३ लिटर रस आटवला तर एक लिटर पाक. म्हणून इकडं हजारो झाडं अन् मैलोगणती नळ्या. शिंदीची नीरा १० ते १२ टक्क्यांची. आठ-नऊ लिटरांत किलोभर गूळ निघतो. पंपाचे पैसे एखाद्या चढणाऱ्याला रोजी देण्यात, चांगल्या शिडीत, चढताना कमरेला बांधायच्या पट्ट्यात अन् रुंद कढईत घाला. पहाटे उतरवलेली नीरा तासाभरात चुलीवर चढली पाहिजे. ताडगुळाचं काम वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ नंतर गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघानं पुढं नेलं होतं. तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे ही.

प्रश्नकर्ता: आर्वी

दादा, एवढं समजावून कोणी सांगत नाही. नळ्यांचा विचार सोडला. परवान्याची चौकशी करतो. आता पंपाचं काय करू? भाऊ चार गायी घेऊन राहिला, त्याच्या कामी येईल काय?

उत्तर: मूळ दारव्हा, सध्या व्हरमाँट

शंभर टक्के येईल. तो पंप त्याच कामासाठी आहे. इथल्या जुन्या मेपलवाल्यांनी सुरुवातीला असेच डेअरीतले पंप जंगलात नेले होते, १५ इंचांच्या आसपास चालवत. पण गायीला मेपलसारखं २५ इंच कधीही देऊ नका, सडांची नासाडी होईल. १२ ते १५ इंच पुरे, पल्सेटर, म्हणजे सडांवरची ओढ आलटून-पालटून सैल करणारा भाग, नीट टकटकत असला पाहिजे.

पंपाच्या आधी पाणी अडवणारी बरणी बसवा. ती नसेल तर दूध किंवा धुण्याचं पाणी सरळ पंपात जातं, तेल दुधाळ होतं अन् आतल्या पट्ट्या झिजतात. तेल आताच बदला, इतकी वर्षं पडून आहे. धुराडं गोठ्याबाहेर काढा. रेग्युलेटर, म्हणजे व्हॅक्यूम ठरल्यापेक्षा वाढू न देणारी झडप, पंपाच्या बुडाशी नको, गायींच्या बाजूला लाइनवर, धूळ कमी असेल तिथं. गेज दूध काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. मोटर उलटी फिरत नाही ना ते पट्टा चढवायच्या आधी बघा. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मोटर तापते, त्या वेळी जबरदस्तीनं चालवू नका.

कोणी स्वस्तात पाण्याच्या कड्याचा पंप (आत फिरणाऱ्या पाण्याच्या कड्यानं हवा ओढणारा) देतो म्हणालं तर विचार करून घ्या. त्याला थंड पाणी लागतं. मे महिन्यात टाकीतलं पाणी ४० अंशांना गेलं की त्याची वाफच दोन इंचांहून जास्त व्हॅक्यूम खाते. तुमचा तेलाचा बरा.

जोडणी झाली की सगळ्या तोट्या बंद करून १५ इंचांपर्यंत नेऊन पंप बंद करा अन् काटा किती लवकर खाली येतो ते पाहा. झरझर उतरला तर गळती असू शकते. मग पंप चालू ठेवून एकेक सांध्यावर साबणाचा फेस लावा, जिथं फेस आत ओढला जाईल तिथं फट. मेपलच्या जंगलात खारी नळ्या कुरतडतात, तेव्हा आम्ही कानानं सुसकारा ऐकत लाइन चालतो; गोठ्यात उंदीर तेच करतील, रबरी नळ्या दर आठवड्याला बघत जा. पंपाच्या पाटीवरचे आकडे इथं लिहा, चार गायींना पंपाची ओढ पुरते का ते काढून देतो.