मदत हवी आहे: आयव्ही लीग लॅक्रॉसमध्ये बरोबरी झाली तर पुढे कोण जातं?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा शाळेत लॅक्रॉस (जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलून गोल करायचा सांघिक खेळ) खेळतो आणि प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संघाचा जबरदस्त चाहता आहे. एप्रिल उजाडला की घरात दुसरा विषय नसतो, आता मलाही गोडी लागलीय.

मला कळलंय ते असं: आयव्ही लीग म्हणजे अमेरिकेतल्या आठ नामांकित विद्यापीठांची लीग; तिच्या पुरुषांच्या लॅक्रॉसमध्ये 7 संघ (कोलंबियाचा नाही), प्रत्येकाचे लीगमधले सामने फक्त 6, आणि लीगच्या शेवटच्या बाद फेरीच्या स्पर्धेत जाणार पहिले 4. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात एकेका गोलासाठी जीव टांगणीला लागतो. ती स्पर्धा जिंकणाऱ्याला एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) राष्ट्रीय स्पर्धेचं थेट तिकीट, बाकीच्यांचं निवड समितीच्या हाती.

अडलंय ते इथे. दोन संघांचे विजय सारखे असले तर त्यांच्या आपसातल्या सामन्याचा निकाल बघतात. पण तिघांची बरोबरी झाली आणि अ ने ब ला, ब ने क ला, क ने अ ला हरवलं असेल तर? आयपीएलच्या नेट रन रेटसारखा गोलफरक धरतात, की वरच्या संघांविरुद्धची कामगिरी?

इथे कुणाची मुलं कॉलेजात लॅक्रॉस खेळत असतील तर कृपया उदाहरण देऊन समजावून सांगा. मुलगा रोज वहीत गणितं मांडून बसतो, त्याला नक्की उत्तर द्यायचंय.